वेदान्त लिहिणारा शेख : रेने गेनों ऊर्फ अब्दुल वाहिद यहया

१९२५ साली पॅरिसमध्ये वेदान्तावरचे एक फ्रेंच पुस्तक प्रकाशित झाले. विषय होता, वेदान्ताच्या दृष्टीने मनुष्य म्हणजे काय आणि त्याचे अंतिम गंतव्य कोणते. जाग्रती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय या चार अवस्था, आत्मा आणि ब्रह्म यांचे ऐक्य, मृत्यूनंतरचा जीवाचा प्रवास असे सगळे त्यात होते. आधार होता उपनिषदांचा, ब्रह्मसूत्रांचा आणि शंकराचार्यांच्या भाष्याचा. भारतीय दर्शनांवर युरोपात तोपर्यंत पुष्कळ लिहून झाले होते. पण हे पुस्तक वेगळे होते. लेखक वेदान्ताकडे संग्रहालयातली वस्तू म्हणून पाहत नव्हता. तो सत्य म्हणून त्याची मांडणी करत होता.

त्या पुस्तकाचे लेखक होते रेने गेनों. त्यांच्या वाचकांपैकी फार थोड्या लोकांना ठाऊक होते की, हे गृहस्थ दशकाहून अधिक काळापूर्वीच मुसलमान झालेले आहेत, शाजिली सूफी सिलसिल्यात त्यांनी बैअत घेतलेली आहे आणि त्यांचे नाव अब्दुल वाहिद यहया आहे.

आपल्याकडे आज एखाद्या मुसलमानाने उपनिषदांवर चार शब्द बोलले, तर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. एका बाजूने तोंड भरून कौतुक होते, त्यात ‘बघा, हा वेगळा आहे’ असा सूर असतो. दुसऱ्या बाजूने त्याच्या ईमानाविषयी कुजबुज सुरू होते. तो नेमके काय बोलला, हे ऐकायला दोघांनाही सवड नसते. म्हणून गेनों यांचे आयुष्य समजून घ्यावेसे वाटते. ते आदर्श होते म्हणून नव्हे. त्यांच्याशी भांडावे अशा जागाही बऱ्याच आहेत, आणि त्या पुढे येतीलच.

ब्लुआचा आजारी मुलगा

गेनों यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८६ रोजी फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या ब्लुआ या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील वास्तुरचनाकार होते. रेने एकुलता एक वाचलेला मुलगा, तोही लहानपणापासून आजारी. सुरुवातीचे शिक्षण घरातच मावशीने दिले. गणितात आणि तत्त्वज्ञानात तो हुशार होता. १९०४ साली गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी तो पॅरिसला आला. पण प्रकृती साथ देईना, मोठ्या परीक्षांची तयारी झेपेना. दोनेक वर्षांत त्याने ते शिक्षण सोडून दिले.

त्या काळचे पॅरिस म्हणजे विज्ञान आणि प्रगतीची राजधानी. आयफेल टॉवर उभा राहिला होता, मेट्रो धावू लागली होती. पण त्याच शहराच्या गल्लीबोळांत गुप्तविद्येचे असंख्य अड्डे होते. कोणी मृतात्म्यांना बोलावत होते, कोणी प्राचीन इजिप्तचे रहस्य विकत होते, कोणी ‘पूर्वेचे ज्ञान’ म्हणून मनाला येईल ते सांगत होते. चर्चवरचा विश्वास उडालेले आणि कोरड्या विज्ञानानेही समाधान न झालेले लोक या अड्ड्यांवर जमत. तरुण गेनोंही तिथे पोचले. पापुस या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या डॉक्टरांच्या मंडळात ते काही काळ होते. नव्या ग्नॉस्टिक चर्चमध्येही सामील झाले. १९०९ मध्ये ‘ला ग्नोज’ हे मासिक त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

पण ही मंडळे आतून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले की इथे ना परंपरा आहे, ना गुरू, ना शिस्त. पुढे त्यांनी याच जगाविरुद्ध दोन मोठी पुस्तके लिहिली. १९२१ च्या पुस्तकात थिऑसॉफिकल सोसायटीची चिरफाड केली, तर १९२३ च्या पुस्तकात मृतात्म्यांशी बोलण्याच्या खुळाची. थिऑसॉफीने हिंदू आणि बौद्ध शब्द उचलून त्यांत युरोपच्या उत्क्रांतिवादाचा मसाला भरला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शब्द पूर्वेचे आणि डोके पश्चिमेचे, हा प्रकार त्यांना सरळसरळ खोटेपणा वाटे.

एक चित्रकार, एक शेख

‘ला ग्नोज’च्या काळात गेनों यांना दोन माणसे भेटली. एक अल्बेर द पूवूरव्हिल. फ्रेंच इंडोचायनात राहून आलेल्या या गृहस्थांनी ताओ परंपरेची दीक्षा घेतली होती. दुसरे इव्हान आगेली, मूळचे स्वीडिश चित्रकार.

आगेली हे वल्लीच होते. जन्म १८६९ चा. पॅरिसमध्ये अराजकवाद्यांच्या संगतीमुळे तुरुंगात जाऊन आलेले. प्राण्यांवर इतके प्रेम की १९०० साली बैलझुंजीच्या निषेधार्थ त्यांनी एका मॅटाडोरवर गोळी झाडली. हा माणूस इजिप्तला गेला, अरबी शिकला, इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल हादी झाला. अल-अजहरमध्ये अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही युरोपीयांपैकी ते एक. इब्ने अरबींचे ते निस्सीम भक्त होते. काहिरामध्ये त्यांना मुर्शिद भेटले ते शेख अब्दुर रहमान इलैश अल-कबीर.

या शेखांविषयी थोडे सांगायला हवे. त्यांचे वडील मालिकी मजहबचे नामांकित मुफ्ती होते. १८८२ साली अहमद उराबी यांनी ब्रिटिश हस्तक्षेपाविरुद्ध उठाव केला, तेव्हा या घराण्यावर इंग्रजांची वक्रदृष्टी झाली. वडील कैदेत गेले आणि त्याच वर्षी वारले, मुलाने तुरुंगवास आणि हद्दपारी सोसली. फ्रेंचांविरुद्ध लढलेले अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर यांच्याशीही शेख इलैश यांचा निकटचा संबंध होता. वसाहतवादाचा मार खाल्लेल्या या बुजुर्गांनी एका स्वीडिश चित्रकाराला आपला प्रतिनिधी नेमले, आणि त्या चित्रकाराने पॅरिसमध्ये एका फ्रेंच तरुणाला बैअत दिली. पश्चिमेचा राग करायला ज्यांच्याकडे पुरेसे कारण होते, त्यांनी पश्चिमेतून आलेल्या माणसासाठी दार बंद केले नाही. गेनों हे विसरले नाहीत. १९३१ मध्ये ‘क्रॉसचे प्रतीकशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ आला, तो त्यांनी शेख इलैश यांच्या स्मृतीला अर्पण केला. क्रॉसवरचे पुस्तक एका मुस्लीम शेखांना!

नाकारलेला प्रबंध

१९१२ साली गेनों यांचे बर्थ लूरी यांच्याशी कॅथलिक पद्धतीने लग्न झाले. प्रकृतीमुळे पहिल्या महायुद्धात सैन्यात जावे लागले नाही. पोटासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली. १९१७-१८ मध्ये ते अल्जीरियातल्या सेतीफ या गावी तत्त्वज्ञान शिकवत होते. मुस्लीम समाजात राहण्याचा तो पहिला अनुभव.

परत आल्यावर त्यांनी ‘हिंदू दर्शनांच्या अभ्यासाची सामान्य प्रस्तावना’ हा प्रबंध लिहिला आणि सोर्बोनमध्ये संस्कृतचे विख्यात पंडित सिल्व्हँ लेव्ही यांच्याकडे नेला. प्रबंध नाकारला गेला. लेव्ही यांचे आक्षेप साधार होते. गेनों यांनी ऐतिहासिक आणि भाषाशास्त्रीय पद्धत बाजूला सारली होती, सगळी हिंदू दर्शने वेदान्ताच्या पोटात घातली होती आणि मानवाला सुरुवातीलाच मिळालेले एक आदिम सत्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, हे गृहीत धरले होते. विद्यापीठाच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट दोष होती, तर गेनों यांच्या दृष्टीने तोच त्यांचा मुद्दा होता.

१९२१ मध्ये तो प्रबंध पुस्तकरूपाने आला. त्यात गेनों विचारतात की, ज्या लोकांचे तत्त्वज्ञान तुम्ही अभ्यासता, त्यांना स्वतःला त्याचा अर्थ काय वाटतो हे विचारण्याची तुम्हाला गरज का वाटत नाही? युरोपचा पंडित संस्कृत शब्दाचे मूळ शोधतो, हस्तलिखितांची तुलना करतो, पण आचार्यांच्या परंपरेत त्या वाक्याचा जो अर्थ चालत आला आहे, तो मात्र त्याला दुय्यम वाटतो. हा प्रश्न पुढे कित्येक दशकांनी वसाहतवादाच्या टीकाकारांनी वेगळ्या भाषेत विचारला. गेनों यांनी तो १९२१ साली, एका साम्राज्याच्या राजधानीत बसून विचारला होता.

पूर्व कुठे आहे?

१९२४ मध्ये ‘पूर्व आणि पश्चिम’ आणि १९२७ मध्ये ‘आधुनिक जगाचे संकट’ ही पुस्तके आली. गेनों यांचे नाव मुख्यतः यांच्यामुळे झाले.

त्यांच्या मते पूर्व आणि पश्चिम हा भेद नकाशावरचा नाही. एके काळी युरोपही ‘पूर्व’च होता. मध्ययुगातला ख्रिस्ती युरोप, त्याचे मठ, त्याचे कारागीर, त्याची देवळे हे सगळे इस्लामी किंवा हिंदू जगाला परके वाटले नसते. प्रबोधनकाळापासून युरोपने वाट बदलली. देकार्तने माणसाच्या तर्कबुद्धीला सर्वोच्च स्थान दिले आणि त्या बुद्धीच्या पलीकडचे ज्ञान अमान्य केले. मग उरले ते फक्त मोजता येणारे जग. विज्ञान, प्रगती आणि उद्योग हीच नवी दैवते झाली. गेनों यांच्या भाषेत ही आधुनिक माणसाची अंधश्रद्धा होती.

पूर्वेच्या त्यांनी तीन मोठ्या संस्कृती मानल्या. अतिपूर्वेला चीन, मध्यभागी हिंदू आणि जवळ इस्लामी. यातली हिंदू परंपरा त्यांना आदिम सत्याच्या सर्वांत जवळची वाटे. इस्लाम ही शेवटची परंपरा, आणि भूगोलाप्रमाणेच विचारानेही पूर्व-पश्चिम यांच्या मध्ये असलेली. ख्रिस्ती माणसाला पैगंबर, किताब, कयामत या कल्पना परिचित असतात आणि तसव्वुफचा वहदतुल वुजूद वेदान्ताच्या अद्वैताला ओळखतो. म्हणून इस्लाम हा दुवा होऊ शकतो, असे त्यांना वाटे.

मात्र सगळे धर्म सारखेच, थोडे इथले घ्या, थोडे तिथले घ्या, असे त्यांचे म्हणणे नव्हते. उलट अशा भेसळीचा त्यांना तिटकारा होता. सर्व परंपरांचा गाभा एक असेल, पण त्या गाभ्यापर्यंत पोचायचे तर कोणत्या तरी एका परंपरेची शिस्त पूर्णपणे पाळावी लागते. शरियतशिवाय तरीकत नाही आणि तरीकतशिवाय हकीकत नाही, हे सूफींचे जुने सूत्रच त्यांनी सर्व धर्मांना लावले. स्वतः वेदान्ताविषयी आयुष्यभर लिहिले, पण हिंदू होण्याचा विचार केला नाही. कारण हिंदू परंपरेत माणूस जन्मतो, बाहेरून त्यात प्रवेश करता येत नाही, असे ते मानत. इस्लामचे दार मात्र कोणालाही उघडे होते.

काहिरातले वीस वर्षे

जानेवारी १९२८ मध्ये पत्नी बर्थ वारल्या. त्याच वर्षी लहानपणी शिकवणारी मावशीही गेली. या दांपत्याने सांभाळलेली भाची तिच्या आईने परत नेली. घर रिकामे झाले. १९३० च्या सुरुवातीला सूफी हस्तलिखिते गोळा करून त्यांची भाषांतरे करावीत, या हेतूने एका श्रीमंत अमेरिकन बाईंबरोबर गेनों काहिराला गेले. बेत काही महिन्यांचा होता. बाई परतल्या. गेनों राहिले ते कायमचे.

सुरुवातीचे दिवस हलाखीचे होते. जुन्या काहिरात, अल-अजहर आणि सय्यिदना हुसैन यांच्या परिसरात भाड्याच्या खोल्या बदलत ते राहिले. अंगात इजिप्शियन पोशाख, तोंडी सफाईदार अरबी, पाचही वेळची नमाज. तिथल्या शाजिली शाखेचे शेख सलामा रादी यांच्याकडे त्यांचे जाणे-येणे होते. १९३१ मध्ये ‘अल-मारिफा’ या मासिकात त्यांनी अरबीत लेख लिहिले. १९३४ साली शेख मुहम्मद इब्राहिम यांची कन्या फातिमा यांच्याशी त्यांचा निकाह झाला. पुढे एका इंग्रज चाहत्याने दुक्की भागात त्यांच्यासाठी घर घेतले. त्या घराला त्यांनी पत्नीचे नाव दिले. शेजारीपाजारी त्यांना शेख अब्दुल वाहिद म्हणून ओळखत. हेच ते फ्रेंच लेखक रेने गेनों, हे त्यांतल्या अनेकांच्या गावीही नव्हते.

लेखन मात्र थांबले नाही. टपालाने लेख पॅरिसला जात आणि जगभरची पत्रे काहिराला येत. तौहीदवर, फक्रवर, शरियत आणि हकीकत यांच्या संबंधावर त्यांनी लिहिले. त्याच टेबलावर त्यांनी वेदान्त आणि ताओ परंपरेवरही लिहिले. दुसऱ्या महायुद्धात टपाल तुटले. त्या सक्तीच्या शांततेत त्यांचा एक महत्त्वाचा ग्रंथ तयार झाला, ‘संख्येचे राज्य आणि काळाची लक्षणे’. तो १९४५ मध्ये प्रकाशित झाला. आधुनिक जग प्रत्येक गुणाचे संख्येत रूपांतर करते आणि जे संख्येत बसत नाही ते नाहीच असे समजते, हा त्याचा आशय. मी शिक्षक आहे. मुलाची जिज्ञासा, त्याची भाषा, त्याचा चांगुलपणा हे सगळे बाजूला ठेवून त्याला टक्केवारीत पाहण्याची सवय आम्हालाही लागली आहे. म्हणून हे पुस्तक मला जुने वाटत नाही.

फ्रान्सचे मोठे कादंबरीकार आंद्रे जीद यांनी १९४३ साली मोरोक्कोतल्या फेज शहरात गेनों यांची पुस्तके वाचली. तरुणपणी ही पुस्तके भेटली असती तर आयुष्याचे काय झाले असते, असा विचार त्यांनी रोजनिशीत नोंदवला. आता उशीर झाला, असेही लिहिले.

गेनों यांना इजिप्तचे नागरिकत्व मिळाले ते अगदी शेवटच्या काळात. ७ जानेवारी १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. वय ६४. शेवटचा शब्द ‘अल्लाह’ होता, असे निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. इस्लामी रीतीने काहिरातच दफनविधी झाला. धाकट्या मुलाचा जन्म त्यांच्या मृत्यूनंतर झाला. त्यांच्यावर अरबीत लिहिणारे आणि त्यांना जवळून पाहिलेले अब्दुल हलीम महमूद पुढे, १९७३ मध्ये, अल-अजहरचे शेख झाले. म्हणजे वेदान्तावर ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाच्या ईमानाची ग्वाही पुढे सुन्नी जगातल्या एका सर्वोच्च आलिमाने दिली, असे म्हणायला हरकत नाही.

हा रस्ता आपल्याला नवा नाही

गेनों कधीही भारतात आले नाहीत. पण त्यांच्या आधीची एक साखळी भारतातून सुरू होते, तीही एका मुसलमानाच्या हातून. शाहजादा दारा शुकोह याने १६५७ साली काशीच्या पंडितांच्या मदतीने पन्नास उपनिषदे फारसीत आणली. ‘सिर्रे अकबर’ हे त्या ग्रंथाचे नाव. तो फारसी अनुवाद आंकतील द्यूपेराँ या फ्रेंच विद्वानाच्या हाती लागला आणि त्याने १८०१-०२ मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर छापले. तेच वाचून शोपेनहॉवर उपनिषदांच्या प्रेमात पडला. युरोपला उपनिषदांचा मोठा संच प्रथम भेटला तो असा, दिल्लीच्या फारसीतून पॅरिसच्या लॅटिनमध्ये.

महाराष्ट्रात तर दाराच्याही आधीची उदाहरणे आहेत. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. बीदरच्या बहामनी राजघराण्याशी ज्यांचे नाते सांगितले जाते, त्या मुंतोजींनी मृत्युंजय या नावाने मराठीत अद्वैताची मांडणी केली. या माणसांना दोन ज्ञानपरंपरांमध्ये ये-जा करताना कोणाच्या परवानगीची गरज वाटली नाही. मराठी मुसलमानांनी गेनों वाचायचा तो युरोपातले नवल म्हणून नव्हे, आपल्याच रस्त्यावर उशिरा आलेला एक वाटसरू म्हणून.

उर्दूत गेनों यांचे नाव रुजवले ते मुहम्मद हसन अस्करी यांनी. अलाहाबादेत फिराक गोरखपुरींचे विद्यार्थी, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले, फ्लोबेर आणि स्तांदाल उर्दूत आणणारे हे आघाडीचे समीक्षक. फ्रेंच साहित्यात आकंठ बुडालेले अस्करी अखेरच्या काळात गेनों यांच्यामार्गे परंपरेकडे वळले. पश्चिमेच्या ‘गुमराही’चा आराखडा मांडणारे त्यांचे ‘जदीदियत’ हे छोटे पुस्तक त्यांच्या निधनानंतर निघाले. ते दीनी मदरशांच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. त्यावर उर्दूत अजूनही वाद चालतात. मराठीत मात्र गेनों यांचे नाव क्वचितच ऐकू येते.

१९२७ : पॅरिस आणि महाड

आता भांडणाचा मुद्दा.

गेनों यांनी परंपरेवर प्रेम केले, पण परंपरेचे ओझे कोणाच्या पाठीवर होते हे पाहिले नाही. वर्णव्यवस्था म्हणजे प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे कार्याची वाटणी, अशी त्यांची समजूत होती आणि तिचे त्यांनी समर्थन केले. ब्राह्मण आणि क्षत्रिय या संकल्पना घेऊन त्यांनी युरोपच्या पोप-राजा संघर्षाचाही अर्थ लावला. लोकशाहीविषयी त्यांचे मत वाईट होते, कारण संख्येने सत्य ठरत नाही. हे सगळे ‘आधुनिक जगाचे संकट’ आणि त्या काळातल्या इतर पुस्तकांत आहे.

ते पुस्तक निघाले १९२७ साली. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. पॅरिसमध्ये बसून वर्णव्यवस्था ही गुणांची सुंदर रचना दिसत होती. महाडमध्ये तिचा अर्थ होता, गुराढोरांना मिळणारे पाणी माणसाला नाही. गेनों यांनी सोर्बोनच्या पंडितांना विचारले होते की, ज्यांचे तत्त्वज्ञान अभ्यासता त्यांना तुम्ही विचारता का? तोच प्रश्न त्यांना विचारायला हवा. तुम्ही ज्या व्यवस्थेची बाजू घेता, तिच्या तळाशी असलेल्या माणसाला तुम्ही विचारले का? नाही विचारले. ग्रंथातली परंपरा त्यांना दिसली, वस्तीतली दिसली नाही.

या आंधळेपणाचे परिणामही झाले. इटलीतला फॅसिझमचा समर्थक विचारवंत युलिउस एव्होला याने गेनों यांच्या विचारांना आपल्या राजकारणाचा रंग दिला. आजही युरोप-अमेरिकेतले काही अतिउजवे लोक गेनों यांचे नाव घेतात. एका मुस्लीम सूफीचे नाव मुस्लीमद्वेष्ट्यांच्या टेबलावर दिसावे, हा विचित्र योग आहे. गेनों स्वतः पक्षीय राजकारणापासून दूर राहिले, हे खरे. पण समतेला कमी लेखणारा विचार असा कोणाच्याही हाती लागू शकतो, हेही तितकेच खरे. आपण मुसलमानांनीही यातून काही घ्यायला हवे. ‘आधुनिकता वाईट, परंपरा चांगली’ हे वाक्य आपल्या कानाला गोड लागते. पण परंपरेच्या नावाखाली मुलींची शाळा थांबवली जाते, बिरादरीच्या नावाखाली अशराफ-अजलाफ असा भेद पाळला जातो, तेव्हा त्या परंपरेला प्रश्न विचारणे हे ईमानाचेच काम आहे.

मत बदलणारा माणूस

मग गेनों यांच्याकडून घ्यायचे काय? त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांनी बौद्ध परंपरेला मुख्य प्रवाहातून भरकटलेली शाखा ठरवले होते. पुढे त्यांचा पत्रव्यवहार आनंद कुमारस्वामी यांच्याशी सुरू झाला. कुमारस्वामी कोलंबोत जन्मलेले, वडील तमिळ, आई इंग्रज, बोस्टनच्या कलासंग्रहालयात भारतीय कलेचे प्रमुख. त्यांनी आणि गेनोंचे एक भाषांतरकार मार्को पॅलिस यांनी मूळ बौद्ध ग्रंथांच्या आणि तिबेटी परंपरेच्या आधारे गेनों यांचे मत खोडून काढले. गेनों यांनी ते मान्य केले आणि आपल्या पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्ती केली. ज्याला लोक हटवादी म्हणत, त्या माणसाने पुराव्यापुढे मान तुकवली. वर्णव्यवस्थेबाबत असा पत्रलेखक त्यांना भेटला नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गेनों यांनी दाखवून दिले की, दुसऱ्याची दर्शने मनापासून समजून घेण्यासाठी आपला दीन सैल करावा लागत नाही. काहिराच्या त्या घरात पहाटेची फज्र आणि दुपारचा वेदान्त यांच्यात भांडण नव्हते. ते कोणाला खूश करण्यासाठी वेदान्त लिहीत नव्हते, म्हणून त्यांना स्वतःचा इस्लाम लपवावा किंवा मिरवावा लागला नाही. सद्भावनेच्या कार्यक्रमात व्यासपीठावर एक टोपी आणि एक गांधीटोपी शेजारी बसवली की काम झाले, असे आपण समजतो. गेनों यांचे काम त्याहून कठीण होते. दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्याच परिभाषेत वर्षानुवर्षे वाचणे, त्यात आपले काही घुसडू नये इतके सावध राहणे आणि जिथे पटत नाही तिथेही नीट समजून मगच नकार देणे.

असे वाचन दोन्ही बाजूंनी व्हायला हवे. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मराठीत आहे, त्यासाठी फ्रेंच यावी लागत नाही. ज्ञानेश्वरी किती मुस्लीम घरांत वाचली जाते आणि कुरआनचा मराठी अनुवाद किती हिंदू घरांत उघडला जातो, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते तपासावे. एकमेकांविषयी मते बनवायला आपण पाच मिनिटांचा व्हिडिओ पुरेसा समजतो. एका आजारी फ्रेंच माणसाने त्यासाठी चाळीस वर्षे दिली, आणि तरीही महाडचे तळे त्याला दिसले नाही. आपल्याला ते घराजवळच आहे. निदान आपण तरी ग्रंथ आणि तळे दोन्ही पाहू या.